मस्टरशाही या शब्दाची पहिली नोंद

आजच्या समारंभाचे आणि आपल्या जिल्हा ज्ञानकोश मंडळाचेही अध्यक्ष, सन्माननीय आप्पासाहेब येळवंडे. मंडळाचे कार्यवाह, आदरणीय गहिनीनाथराव वाकळे. ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो ते कोशाचे संपादक, गुरुवर्य यशया भिंगारदिवे सर. त्यांच्या शेजारी बसलेल्या मेरीबाई. छापखान्यातली मंडळी, निरनिराळ्या शाळांतून आलेले गुरुजन, कोशाचे वर्गणीदार, आणि खुर्च्या संपल्यामुळे मागे भिंतीला टेकून उभे असलेले सर्व बंधुभगिनी,

मी गोरक्ष बानकर, राहणार सोनई. कोशाच्या कार्यालयात सहा वर्षं लेखनिक आहे. शिक्षण नववी, आणि तीही अर्धी. या व्यासपीठावर माझ्याआधी जे बोलले ते पदवीधर होते, आणि माझ्यानंतर स्वतः अध्यक्ष बोलणार आहेत. मधे याला कुणी उभं केलं, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. माझ्याही मनात सकाळपासून तोच आहे.

कार्यवाहसाहेबांनी मला विषय नेमून दिला: सरांचं अक्षर आणि सरांची शिस्त. वेळ वीस मिनिटं. भाषण आधी लिहून दाखवावं, असंही त्यांनी सांगितलं. मी दाखवलं. त्यांनी वाचून खाली बारीक सही केली. मला बोलण्याची सवय नसल्यामुळे मी वाचूनच दाखवणार आहे.

सरांच्या अक्षराबद्दल मी काय सांगावं? छापखान्यातले खिळे जुळवणारे लोक म्हणतात, की भिंगारदिवे मास्तरांचा कागद आला की चष्मा काढून ठेवावा, तो लागत नाही. पण अक्षराच्या आधी शिस्त सांगायला हवी.

मी कामाला लागलो त्या पहिल्याच महिन्यात सरांनी मला एका बारवेची माहिती आणायला पाठवलं. मी सायकलवर गेलो. गावच्या पाटलांनी सांगितलं, बारव सात पुरुष खोल आहे, म्हणजे एकावर एक सात माणसं उभी केली तर जेवढी होतील तेवढी. मी कार्डावर ‘सात पुरुष’ लिहिलं. सोमवारी सरांनी कार्ड हातात धरलं आणि विचारलं, “गोरक्ष, दोरी सोडून पाहिलीस का?”

मी म्हटलं, “नाही सर, पाटलांनी सांगितलं.”

“मग लिही, पाटलांच्या मते सात पुरुष. नाहीतर परत जा.”

मी परत गेलो. जाऊन-येऊन बावीस मैल. दोरी सोडली. बारव सव्वासहा पुरुष भरली. पाटील काठावर उभे होते. ते म्हणाले, “लेका, पाऊन पुरुषासाठी पुन्ना आलास व्हय? तुज्या मास्तराला म्हनाव, उनाळ्यात ये. तवा पानी न्हाई, नुस्ती खोलीच खोली.” मी हे सरांना घाबरत घाबरत सांगितलं. सरांनी ते वाक्यही कार्डाच्या पाठीवर लिहून घेतलं.

माझ्याआधीचे दोन लेखनिक अशा फेऱ्यांना कंटाळून नागापूरच्या कारखान्यांत लागले. माझा थोरला भाऊ बन्सी मलाही म्हणत होता, “कागदावर कागद ठिवून पोट भरतं का रं?” मी गेलो नाही. कारण असं, की सरांच्या कार्यालयात चूक करणाऱ्याला चूक दुरुस्त करायला परत पाठवतात. घरी पाठवत नाहीत. भित्र्या माणसाला याहून मोठा आधार कोणता असतो?

कोशाचं कार्ड कसं असतं, हे वर्गणीदारांपैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. माहिती पुस्तकातून घेतली असेल तर त्यावर पुस्तकाचं नाव लिहायचं. बोलण्यातून मिळाली असेल तर ‘पहिली नोंद’ लिहायची: कोण बोललं, कुठे, कोणत्या दिवशी. नाव पूर्ण. आणि ते नाव पानाच्या तळाला छापायचं. सर म्हणतात, विद्वानाचं नाव आपण छापतो, मग ज्या माणसाने आपल्याला शब्द दिला त्याचं का छापू नये? ही रीत दुसऱ्या कोणत्या कोशात आहे का, मला माहीत नाही. आमच्या तीन खंडांत धनगरांची, कुंभारांची, सुईणींची नावं पानांच्या तळाला आहेत. साळूबाई नावाच्या एका सुईणीला मी तिच्या नावाचं पान दाखवायला नेलं. ती म्हणाली, “वाचाया येत न्हाई बाबा. बोट ठिव, कुठं हाय ते.” मी बोट ठेवलं. मी काढल्यावर तिथे तिने आपलं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

आता नव्या शब्दांविषयी. आमच्या कार्यालयात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यावर सरांनी चिठ्ठी चिकटवली आहे: ‘थांबा’. राजकारणात निघालेला कोणताही नवा शब्द आला, की त्याचं कार्ड त्या डब्यात जायचं. दहा वर्षं तिथेच राहायचं. ‘घेराव’ त्यात होता. ‘आयाराम-गयाराम’ त्यात होता. आणखी एक शब्द होता, तो कार्यवाहसाहेबांनी भाषणातून काढायला सांगितला, म्हणून काढला आहे.

सरांचं म्हणणं असं, की सभेत निघालेला शब्द बहुतेक वेळा मांडव उतरवतात त्याबरोबरच उतरतो. ज्ञानकोश हा वीस वर्षांनी उघडायचा ग्रंथ. वीस वर्षांनी एखाद्या शाळकरी मुलीने तो उघडला आणि एका निवडणुकीपुरता जगलेला शब्द त्यात दोन स्तंभ अडवून बसलेला दिसला, तर ती आपल्याला काय म्हणेल?

अध्यक्षमहाराजांचं मत वेगळं होतं. दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्या खंडाच्या वेळी, ‘गरिबी हटाव’ घ्यायचं की नाही यावर मंडळाच्या बैठकीत चर्चा झाली. वृत्तान्त लिहायला मी होतो, म्हणून शब्दशः सांगू शकतो. आप्पासाहेब म्हणाले, “मास्तर, दहा वर्षं थांबायचं? तवर मी असेन का, तुम्ही असाल का? लोक आज जे बोलतात ते आज छापा. पोरगं जन्माला आलं की दाखल्यावर नाव लावतो आपण. ते कमावतं होईल का, हे बघत बसत नाही.” सगळे हसले. मीही हसलो, कारण मला ते पटलं होतं. सरांनाही थोडं पटलं असावं. चष्मा पुसत ते म्हणाले, “ठीक आहे. डबा उघडतो. पण उघडायचा तर सगळ्यांसाठी. व्यासपीठावर निघालेल्या शब्दाला आणि बांधावर निघालेल्या शब्दाला एकच नियम.”

आप्पासाहेब म्हणाले, “मंजूर.”

वृत्तान्तात ते ‘मंजूर’ आहे. ‘गरिबी हटाव’ दुसऱ्या खंडात आलं, अर्धा स्तंभ मजकूर आणि एक छायाचित्र. छायाचित्रात फलकाखाली आप्पासाहेब उभे आहेत, आणि ते फार स्वच्छ छापलं गेलं आहे. त्यांच्या या मोकळ्या मनाबद्दल कार्यालयातल्या आम्हा सर्वांच्या वतीने मी त्यांचे आभार मानतो.

इथे दुसरं पान संपलं. कार्यवाहसाहेबांची सही इथे आहे.

अध्यक्षमहाराज, माझ्या हातात आणखी पानं आहेत. ती मी आज सकाळी लिहिली. ती कुणीही वाचलेली नाहीत, सरांनीसुद्धा नाहीत. सरांच्या नजरेखालून न गेलेलं असं सहा वर्षांतलं माझं हे पहिलंच लिखाण. कार्यवाहसाहेब मला घड्याळ दाखवत आहेत, ते मला दिसतं आहे. साहेब, वीसपैकी नऊ मिनिटं झाली. मी नेमून दिलेल्या वेळात संपवीन. विषयही सोडत नाही. सरांची शिस्त, हाच विषय पुढे चालू आहे.

यंदाचं साल कसं आहे, हे या सभागृहात कुणाला सांगावं लागणार नाही. दारात माठ ठेवले आहेत त्यांतलं पाणी टँकरचं आहे. जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली आहेत. कामावर मुकादमाच्या मस्टरात, म्हणजे हजेरीपटात, ज्याचं नाव आहे त्याला हातोडी मिळते आणि त्याच्या पोरांना खायला सुकडी मिळते. ज्याचं नाही तो खडीच्या ढिगाबाहेर बसतो. सर म्हणाले, चौथा खंड छापखान्यात जातो आहे, प पासून म पर्यंतचा. दुष्काळी कामावरचे शब्द गोळा कर. रविवारी सर प्रार्थनेला जातात, कार्यालय बंद असतं. तो माझा फिरण्याचा दिवस.

जानेवारीत मी अशाच एका कामावर गेलो. कोणत्या तालुक्यातल्या, ते सांगत नाही. खडीच्या ढिगापासून थोडं दूर एक व्यक्ती उन्हात नुसती बसली होती. व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी आहे म्हणून मी ‘बसली होती’ म्हणतो. त्यावरून बाई की बाप्या हे कुणी ठरवू नये, अशी हात जोडून विनंती आहे. मी विचारलं, काम का करत नाही?

“नाव काडलं,” ती व्यक्ती म्हणाली.

“का?”

“आमच्या सगळ्या आळीचं काडलं. मुकादमाला इचारलं, तर म्हनतो, गेल्या साली मतं कुनाला टाकली ते आदी आठवा, आन् मंग मस्टराचं इचारा.”

ढिगावरून कुणीतरी म्हणालं, “गप ऱ्हा की. ऐकंल त्यो.”

“ऐकू दे. लोकांचं राज्य म्हनत्यात. कुठल्या लोकांचं? ज्याच्या बगलंत मस्टर, त्याचं राज्य. लोकशाही न्हाई बाबा ही, मस्टरशाही हाय.”

हातोड्या थांबल्या. मग हसू फुटलं, आणि ते ढिगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मुकादम छत्री मिटून धावत आला. “कोन म्हनलं रं मस्टरशाही? कोन म्हनलं?” कुणी सांगितलं नाही. सगळे खाली माना घालून खडी फोडू लागले. माझ्या कार्डावर मात्र त्या शब्दाला दोन तोंडं लागली, एक त्या व्यक्तीचं आणि दुसरं मुकादमाचं. बोलण्यातला शब्द दोन वेगळ्या तोंडांतून ऐकला तरच घ्यायचा, हा सरांचा नियम आहे. बोलणारा हसत बोलला की चिडून, याचा त्या नियमात विचार नाही.

मी निघालो तेव्हा त्या व्यक्तीने मला हाक मारली. “लिवलं का?”

“लिहिलं.”

“माजं नाव बी लिव्ह. मस्टरात न्हाई तर न्हाई, तुज्या बुकात तरी ऱ्हाऊ दे.”

मी नाव लिहिलं. पूर्ण लिहिलं. गाव लिहिलं. मला नेमकेपणाची खोड आहे, म्हणून आळीसुद्धा लिहिली.

सोमवारी सरांनी कार्ड वाचलं आणि ‘थांबा’ डब्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हे तिकडे जाईल आणि दहा वर्षं माझ्या जिवाला घोर नाही. सर म्हणाले, “आप्पासाहेबांसमोर ठरलेलं आहे, सगळ्यांना एकच नियम.” कार्ड छापखान्यात गेलं.

मग मी चूक केली. ही चूक आमच्याच कार्यालयात होऊ शकत होती, कारण दुसरीकडे कुठेही ते नाव पानाच्या तळापर्यंत पोचलंच नसतं. मी पहिलं प्रूफ तपासलं. काना-मात्रा तपासल्या. तळाला त्या व्यक्तीचं नाव, गाव, आळी, सगळं शुद्ध होतं. मी ‘बरोबर’ची खूण केली. साळूबाईचं नाव जसं लागलं तसंच हेही लागलं, एवढंच मला दिसलं. दुसरं काही दिसलंच नाही.

फेब्रुवारीत मी ते आनंदाने सांगायला पुन्हा त्या कामावर गेलो. या वेळी ती व्यक्ती ढिगावर होती, हातात हातोडी होती. मला पाहून तिचा चेहरा उतरला. उठून बाजूला आली आणि म्हणाली, “बाबा, ते नाव नगं लावू.”

मी म्हटलं, “तुम्हीच तर म्हणाला होतात.”

“तवा नाव काडल्यालं हुतं, तवा भ्यायाला काय हुतं? आता परत लागलंय. हातापाया पडून लागलंय. घरात चार तोंडं हायेत. पाऊस पडस्तवर हेच हाय. तुज्या बुकात नाव आलं का मुकादमाच्या बुकातलं गेलंच म्हून समज.”

हे आहे, अध्यक्षमहाराज. गेला दीड महिना मी ज्याला भितो ते एवढंच आहे. चार तोंडं, आणि पाऊस पडेपर्यंत मस्टरात राहायला हवं असं एक नाव.

कुणी शोधायला जाईल म्हणून सांगून ठेवतो. त्या आळीतली चाळीस नावं काढली होती आणि चाळीसही परत लागली. शिवाय मी दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलून सांगितल्या आहेत. खडी होती की माती, छत्री होती की काठी, हे माझ्या शब्दावर धरू नये. सर, मला क्षमा करा. माहीत असून चुकीचं वाचायची मला सवय नाही.

त्या दिवशी मी कामावरून थेट सरांच्या घरी गेलो. ते प्रार्थनेहून नुकतेच आले होते. मेरीबाईंनी मला बसवलं, चहा दिला, आणि तो बाजूला ठेवून मी घडलेलं सांगितलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं. बिननावाचा बोलीतला शब्द कोशात जात नाही, हा नियम त्यांचाच. शब्दच काढून टाकावा, तर जुळवलेली आठ पानं मोडावी लागणार आणि सगळा छापखाना विचारणार, का काढला? सरांनी पहिल्या प्रूफावरच ते नाव खोडलं आणि तिथे लिहिलं: ‘पहिली नोंद: संपादकाच्या बोलण्यातून.’

मी म्हटलं, “सर, हे खरं नाही.”

सर म्हणाले, “मला माहीत आहे. चहा घे.”

पाऊण पुरुषासाठी ज्यांनी मला परत पाठवलं त्यांनी ती ओळ लिहिली. मला सरांच्या अक्षरावर बोलायला सांगितलं आहे. तर एवढं सांगतो, की सहा वर्षांत त्यांचं अक्षर बिघडलेलं मी एकदाच पाहिलं, त्या ओळीत.

पुढचं आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. सरांच्या त्या ओळीसह छापलेलं दुसरं प्रूफ मंडळासमोर गेलं. बैठकीत विचारलं गेलं, संपादकच शब्द घडवणार आणि संपादकच तो कोशात घालणार, तर हा ज्ञानकोश आहे की निवडणुकीचं पत्रक? सर म्हणाले, “शब्द माझा आहे. चूक माझी आहे.” ती दोन वाक्यं वृत्तान्तात मी लिहिली. छपाई थांबली. सरांनी प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त व्हावं, असं ठरलं. आजच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ असंच छापलं आहे. ती पत्रिका मीच तपासली. सरांची प्रकृती उत्तम आहे.

मागे काही लोक हसले. कृपा करून हसू नका, माझी ओळ चुकते.

तर हे एवढ्यावर संपलं असतं. पण गुरुवारी कार्यवाहसाहेबांनी मला बोलावून घेतलं. ते माझ्याशी कधी वाईट बोललेले नाहीत आणि त्या दिवशीही गोडच बोलले. म्हणाले, “गोरक्ष, मास्तरांनी काही हा शब्द काढलेला नाही. त्यांना कुणाला अरे म्हणता येत नाही, हे काय सुचणार? पहिलं प्रूफ कुठे आहे?”

मी म्हटलं, “शोधतो.”

“शोध. सोमवारी माझ्या टेबलावर पाहिजे. आणि सहसंपादकाची जागा भरायची आहे. नववी चालेल आपल्याला. तुझ्याइतकं शुद्ध लिहिणारा दुसरा आहे कुठे?”

पहिलं प्रूफ माझ्याकडेच होतं. काल सकाळी मी ते आमच्या चुलीत घातलं. मूळ कार्डही घातलं. कोशाचा कागद जाळणं याहून मोठा अपराध आमच्या कार्यालयात नाही. तो मी केला, हे सर्वांसमक्ष सांगतो. मंडळाने त्याची जी शिक्षा द्यायची ती द्यावी.

कामावरच्या लोकांनी ते नाव तेव्हाही सांगितलं नाही, आणि खिळे जुळवणाऱ्यांच्या हाताखालून अशी शेकडो नावं गेली; आता ते सांगू शकतील अशी दोनच डोकी आहेत, सरांचं आणि माझं. सरांच्या डोक्याची मला काळजी नाही. मंडळी, मी धीट माणूस नाही. मला कुणी खोलीत बसवून, दार लोटून, दोनदा मोठ्याने विचारलं, तर मी सांगून टाकेन. हात उगारायचीही गरज पडणार नाही. शाळेत गुरुजींनी नुसता फळा वाजवला की न केलेली चूक मी कबूल करत असे. म्हणून गुरुवारपासून मी एकच विचार करतो आहे. ते नाव विचारण्याचं कारणच कुणाजवळ उरणार नाही, असं काय करता येईल?

त्याचं उत्तर मला सरांच्या शिकवण्यातच सापडलं. सरांनी पहिल्या आठवड्यात मला सांगितलं होतं, शब्द कुणी घडवला हे आपल्याला कधीच कळत नसतं. आपण फक्त एवढंच म्हणू शकतो, की या दिवशी, या ठिकाणी, या माणसाने तो उच्चारला, आणि त्याचा पुरावा आपल्याजवळ आहे. हाती असलेल्या पुराव्यातली जी पहिली, ती पहिली नोंद. आज त्या शब्दाचा एकही खरा कागद शिल्लक नाही. मघाशी गोष्टीच्या ओघात तो माझ्या तोंडी आला. आता नोंदीसाठी पुन्हा वाचतो.

मी गोरक्ष बानकर, राहणार सोनई, वय सव्वीस, आज शनिवार, दिनांक ३१ मार्च १९७३ रोजी, या सभागृहात, सुमारे अडीचशे माणसांसमोर म्हणतो: मस्टरशाही. दुष्काळी कामावर कुणाचं नाव हजेरीपटात ठेवायचं आणि कुणाचं काढायचं, हे भूक न पाहता मत पाहून ठरवण्याची पद्धत.

सरांच्या नावावर लागलेली ती ओळ आता खोडावी, आणि तिथे माझं नाव लावावं. तसं केल्याने कोशात काही खोटं राहत नाही.

असले शब्द ज्ञानकोशात असावेत का? मला विचाराल तर मी अजूनही ‘थांबा’ डब्याच्या बाजूचा आहे. थांबणं माझ्या स्वभावाला मानवतं. पण डबा उघडायचं ठरलं आणि त्यातून व्यासपीठावरचेच शब्द तेवढे बाहेर आले, तर वीस वर्षांनी सरांची ती शाळकरी मुलगी वाचेल, की १९७१ साली गरिबी हटवायचं ठरलं, पुढे मोठा दुष्काळ पडला, आणि खडीच्या ढिगावर कुणी काही बोललं नाही. तसं झालेलं नाही. लोक बोलत होते. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो.

एक अडचण राहते. एका तोंडाचा शब्द कोशात जात नाही, दुसरं तोंड लागतं. अध्यक्षमहाराज, माझ्यानंतर आपण समारोपाला उभे राहाल. आपण मला चार शब्द सुनावाल, आणि तो आपला अधिकारच आहे. त्यात हा शब्द आपल्या तोंडी येईल. आपण तो खोटा आहे म्हणालात, आपल्या जिल्ह्यात असलं काही घडत नाही म्हणालात, तरी मी ते जसंच्या तसं, आपल्या पूर्ण नावाने लिहून घेईन. हे मी चतुराई म्हणून करतो आहे असं कृपा करून समजू नये. मला दुसरा मार्ग सापडला नाही.

आणि त्यानंतरही कुणी सरांना किंवा मला ते तिसरं नाव विचारलं, तर तो कोशासाठी विचारत नाही, हे इथल्या अडीचशे माणसांना कळलेलं असेल. मला तेवढंच हवं होतं.

सर, मेरीबाई, मला चांगलं बोलता आलं नाही. तुम्हा दोघांना पुढचे दिवस सुखाचे आणि पुष्कळ लाभोत. मंडळाने मला इथे उभं केलं आणि आपण सर्वांनी नेमलेल्या पानांपेक्षा जास्तीची पानं ऐकून घेतली, याबद्दल मी ऋणी आहे. या बोलण्यात जे अधिक-उणं झालं असेल ते माझ्या एकट्याच्या खात्यावर लावावं, त्यात सरांचा हात नाही. वडीलधाऱ्यांनी मला क्षमा करावी.

आजचा वृत्तान्त लिहायलाही मीच आहे. वही खाली माझ्या खुर्चीवर आहे. मी खाली जाऊन बसतो, अध्यक्षमहाराज. आपण बोलायला सुरुवात करावी. मी लिहितो.